पूर दिसतो, मंदी दिसत नाही

कोल्हापूरच्या शाहूपुरीत माझ्या मावशीच्या घरी, आतल्या खोलीच्या भिंतीवर, तिच्या खांद्याच्या उंचीला एक तपकिरी रेघ आहे. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुराची. दोनदा रंग दिला तरी पावसाळ्यात ती पुन्हा उमटते. त्या आठवड्यात राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४३ फूट. महामार्ग बंद, दूध नाही, भाजी नाही, प्यायला पाणी नाही. पण भाकरी कमी पडली नाही. जिथं पाणी शिरलं नव्हतं त्या गावांतून धडप्यात बांधलेल्या भाकऱ्यांच्या चवडी टेम्पोतून येत होत्या. तालमीची पोरं छातीभर पाण्यातून म्हाताऱ्या माणसांना पाठकुळी घेऊन बाहेर काढत होती.

त्याच महिन्यात देशातली प्रवासी गाड्यांची विक्री आदल्या ऑगस्टच्या तुलनेत जवळपास एक तृतीयांशानं घसरली. कोल्हापुरात त्याचा अर्थ लगेच कळतो, कारण इथल्या फाउंड्र्या गाड्यांचे सुटे भाग ओततात. मावशीच्या समोरच्या घरातला कर्ता माणूस एका फाउंड्रीत फेटलिंगला होता, कंत्राटावर. ओतून निघालेल्या कास्टिंगच्या कडा आणि जादा लोखंड घासून काढायचं ते काम. पूर ओसरला तेव्हा आम्ही त्याच्या घरातला चिखल घमेल्यानं उपसला. पुढच्या आठ दिवसांत त्याचं काम गेलं, आणि ते आम्हाला कळलं दिवाळीत. तेही त्या घरातून नव्हे. किराणा दुकानदार बोलता बोलता म्हणाला, "त्यांच्याकडं आता तेलाचं पाकीट जात न्हाई. पावशेर सुटं जातंय."

दोन्ही संकटं एकाच गल्लीत, एकाच महिन्यात आली. पहिल्यात आम्ही न बोलावता गेलो, दुसऱ्यात शेजारी असून आम्हाला पत्ता लागला नाही. तो फरक का पडतो आणि तो कमी कसा करता येतो, हे या लेखात समजून घ्यायचं आहे. अमेरिकेनं २०२५ च्या ऑगस्टमध्ये बऱ्याच भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत आयातशुल्क लावलं, तेव्हापासून निर्यातीवर पोट असलेल्यांच्या तोंडी 'मंदी' हा शब्द पुन्हा आला. म्हणून आधी तो शब्दच बघू.

मंदी म्हणजे नेमकं काय?

देशात तीन महिन्यांत जेवढा माल तयार झाला आणि जेवढ्या सेवा दिल्या गेल्या, त्या सगळ्याची किंमत मोजली की सकल देशांतर्गत उत्पादन मिळतं. बातम्यांत त्यालाच 'जीडीपी' म्हणतात. हा आकडा सलग दोन तिमाही घटला तर ढोबळमानानं मंदी आली असं मानतात. २०२० च्या एप्रिल ते जून या तिमाहीत टाळेबंदीमुळं तो आदल्या वर्षीपेक्षा जवळपास एक चतुर्थांशानं कोसळला. पुढच्या तिमाहीतही घटच होती. ती खरी मंदी.

एरवी आपण ज्याला मंदी म्हणतो ती बहुतेक वेळा मंदगती असते. आंबा घाट चढताना एसटी गिअर उतरवते, वेग कमी होतो, पण गाडी वर जात असते. ती मंदगती. गाडी मागं घसरायला लागली तर मंदी. पण गाडीत बसलेल्या सगळ्यांना सारखाच धक्का बसत नाही. २०१९ मध्ये देशाचा आकडा वाढतच होता आणि तरी शिरोली, गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत पाळ्या कमी होत होत्या. त्यामुळं "देशात मंदी नाही" हे वाक्य खरं असतानाही तुमच्या गल्लीत मंदी असू शकते. गल्लीतली मंदी कुठल्याही सरकारी आकड्यात येत नाही. ती दुकानदाराच्या वहीत येते.

माझी काटकसर, तुमची कमाई

दिवस वाईट आले की शहाणा माणूस हात आखडता घेतो. यात चूक काहीच नाही. गोची अशी की सगळ्यांनी एकदम हात आखडले तर सगळ्यांचंच उत्पन्न घटतं. अर्थशास्त्रात याला काटकसरीचा विरोधाभास म्हणतात.

समजा, एका कामगाराचा ओव्हरटाईम बंद झाला आणि महिन्याला ४,००० रुपये कमी आले. त्यानं खर्चातले ३,००० कापले. केस महिन्याऐवजी दीड महिन्यानं कापले, रविवारचं मटण पंधरवड्यावर नेलं, पोरीची शिकवणी थांबवली. ते ३,००० म्हणजे न्हावी, खाटीक आणि शिकवणीवाल्या ताईंची कमाई. त्यांनीही तीन चतुर्थांश, म्हणजे २,२५० रुपयांचा खर्च कापला. मग शिंपी, रिक्षावाला, फुलवाली. असं सगळं मिळवत गेलं तर ४,००० च्या घटीची बेरीज १६,००० पर्यंत जाते. हा हिशोब समजण्यापुरता आहे. प्रत्यक्षात बरेच पैसे मोबाइल कंपनी, पेट्रोल, गाडीचा हप्ता यांतून गावाबाहेर जातात, म्हणून गल्लीतला फटका याहून कमी असतो. पण दिशा हीच.

उलटंही तेवढंच खरं. गल्लीत खर्चलेला रुपया गल्लीतच चार हात फिरतो. म्हणून ज्यांचं उत्पन्न शाबूत आहे, म्हणजे शिक्षक, बँकेतले, निवृत्तिवेतन घेणारे, त्यांनी मंदीत उगाच भीतीनं खर्च थांबवू नये. धुणंभांडी करणाऱ्या मावशींना "पुढच्या महिन्यापासून नको" म्हणण्याआधी थांबावं. घराची रंगरंगोटी करायचीच असेल तर याच वर्षी करावी.

आणि एक मदत अशी आहे जी कुणी मदत मानतच नाही: बिल वेळेवर देणं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात दोन लेथ घेऊन बसलेल्या माणसाला विचारा. काम नसण्यापेक्षा केलेल्या कामाचे पैसे न येणं त्याला जास्त मारतं. लघुउद्योगांसाठीचा २००६ चा कायदा सांगतो की लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज. कायदा आहे, पण लहान माणूस मोठ्या गिऱ्हाइकावर तो वापरायला धजत नाही, पुढची ऑर्डर जाईल म्हणून. तेव्हा ज्याच्याकडून येणं आहे त्यानंच समजून द्यावं. वर्षभर दानधर्म करून शिंप्याचे सातशे रुपये तीन महिने थकवणारी माणसं मी पाहिली आहेत. ते सातशे आधी द्यावेत असं मला अगदी मनापासून वाटतं.

काम जातं, तेव्हा आणखी काय जातं?

ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएन्थाल नावाचं एक गाव आहे. १९२९ च्या जागतिक मंदीत तिथली कापडगिरणी बंद पडली आणि जवळपास सगळं गाव बेकार झालं. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल या तरुण संशोधकांनी तिथं ठाण मांडून लोकांचे दिवस कसे जातात याची बारकाईनं नोंद केली आणि १९३३ मध्ये ती प्रसिद्ध केली. अपेक्षा अशी होती की बेकार माणसं रागावतील, एकत्र येतील, वेळ आहे तर वाचतील. झालं उलटं. वाचनालयाची वर्गणी माफ करूनही पुस्तकं नेण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं. संघटनांतली हजेरी घटली. रस्त्यानं जाणारे पुरुष हळू चालायला लागले, मध्येच उगाच थांबायला लागले.

इचलकरंजीत माग थांबतात तेव्हा, किंवा फाउंड्रीची दुसरी पाळी बंद होते तेव्हा, हेच लहान प्रमाणात होतं. माणूस आधी भिशीतून बाहेर पडतो. मग मंडळाच्या बैठकीला येईनासा होतो, कारण वर्गणीचा विषय निघेल. मग लग्नाला जात नाही, कारण आहेर करावा लागेल. ज्या वेळी माणसांची सगळ्यात जास्त गरज असते नेमकी त्याच वेळी तो माणसांतून उठतो. पुरात घर सगळ्यांच्या देखत बुडतं, त्यात कुणाची अब्रू जात नाही. काम गेलं की माणसाला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं, आणि तो दार लावून घेतो.

याचा थेट तोटाही आहे. नवं काम कसं मिळतं यावर मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञानं बॉस्टनजवळच्या एका उपनगरात अभ्यास केला होता. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम सहात एकाला ती वारंवार भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती. बाकीच्यांना अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्यांकडून. कारण सोपं आहे: जवळच्या मित्राला जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतं; नवी बातमी लांबचा माणूस आणतो. ही लांबची माणसं कुठं भेटतात? गंगावेशीत दूध कट्ट्यावर, शाहू स्टेडियममध्ये आपल्या तालमीची फुटबॉल मॅच बघताना, कुणाच्या तरी बारशाला. घरात बसलेल्या माणसाला ती भेटत नाहीत. म्हणून काम गेलेल्या माणसाला "वर्गणीचं राहू दे, तू ये" असं म्हणून मंडळात धरून ठेवणं ही नुसती माया नाही, त्यातून त्याला काम मिळायची शक्यता वाढते.

भिशी, हातउसने, पैरा

शेजारधर्म ही भावनेची गोष्ट आहे असं आपण समजतो. अर्थशास्त्रज्ञ तिच्याकडं विमा म्हणून बघतात, आणि ते मला पटतं. विम्यात अनेक जण थोडं थोडं घालतात, ज्याच्यावर वेळ येते त्याला मिळतं. हातउसने पैसे तेच करतात. व्याज नाही, कागद नाही. आज तुझी वेळ, उद्या माझी. शेतात पैरा तेच करतो: माझ्या भांगलणीला तुझी दोन माणसं, तुझ्या भांगलणीला माझी दोन.

ही व्यवस्था खरंच चालते का, हे तपासलेलंही आहे. कोरडवाहू शेतीवर संशोधन करणाऱ्या, हैदराबादजवळच्या 'इक्रिसॅट' संस्थेनं १९७५ पासून काही गावांतल्या घराघरांचा जमाखर्च वर्षानुवर्षं नोंदवला. त्यात सोलापूर जिल्ह्यातलं शिरापूर आणि अकोला जिल्ह्यातलं कानझरा ही आपली दोन गावं होती. रॉबर्ट टाउनसेंड या अर्थशास्त्रज्ञानं त्यांतल्या तीन गावांच्या नोंदी अभ्यासून १९९४ मध्ये दाखवलं की एखाद्या घराचं उत्पन्न पडलं तरी त्याचं खाणंपिणं त्या मानानं पडत नाही. ते गावाच्या सरासरीबरोबर चालतं. उसनवार, नातलग, दुकानदाराची उधारी, साठवलेलं धान्य हे सगळं मिळून घर तोलून धरतं. मात्र तीनपैकी एका गावात भूमिहीनांना हा आधार कमी मिळत होता. ज्याच्याकडं परत देण्यासारखं काही दिसत नाही, त्याला उसनं मिळत नाही. आपल्या गल्लीतही हेच आहे. भाड्यानं राहणारा, परप्रांतातून आलेला भट्टीवरचा कामगार, एकटी बाई: यांना हातउसने कोण देतं?

"पण सगळ्यांनाच फटका बसला तर?"

हा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे. बारा जणांची भिशी घ्या. महिन्याला प्रत्येकी १,०००, दर महिन्याला एकाला १२,०००. एकाची वेळ वाईट आली तर उरलेले अकरा त्याला पहिला नंबर देतात, आणि भिशी वाचते. पण बाराही जण एकाच औद्योगिक वसाहतीत कामाला असतील तर सगळ्यांना एकदम पहिला नंबर हवा असतो, आणि ज्यांनी आधी उचल घेतली त्यांचे हप्ते थांबतात. टाउनसेंडच्या अभ्यासातही हेच आहे: एका घराचं दुखणं गाव वाटून घेतं, अख्ख्या गावाचा दुष्काळ कुणाबरोबर वाटणार?

उत्तर पुरानंच दिलं होतं. भाकऱ्या बुडालेल्या गल्लीतून आल्या नव्हत्या, कोरड्या गावांतून आल्या होत्या. आपली वर्तुळं एकाच धंद्याची, एकाच भावकीची, एकाच जातीची असतील तर संकटही सगळ्यांवर एकदम येतं. भिशीत फाउंड्रीवाल्याबरोबर दूधवाला, शिक्षिका, भाजीवाली असायला हवी. आपल्या जिल्ह्यातली बरीच घरं हे शहाणपण आधीपासून पाळतात: थोरला एमआयडीसीत, धाकटा शेतात, दारात दोन म्हशी. पगार थांबला तरी दूध संस्थेचं बिल दर दहा दिवसांनी येतं. जे घरात जमतं ते गल्लीगल्लीत, शहर आणि गावात जमवायचं आहे. तालीम आणि एखादं खेडं यांचं असं नातं आधीच जोडलेलं असेल, तर मंदीच्या वर्षी तालमीतल्या दहा घरांना शेतावरचं धान्य थेट आणि स्वस्तात मिळू शकतं. शेतकऱ्यालाही दलालाशिवाय भाव मिळतो.

विणकरांनी काढलेलं दुकान

१८४४ सालची गोष्ट. इंग्लंडमधलं रॉशडेल हे गिरणगाव, मजुरी घसरलेली, दुकानातल्या पिठात भेसळ. विणकर आणि इतर कारागीर मिळून २८ जणांनी प्रत्येकी एक पौंड जमवला आणि डिसेंबरात छोटं दुकान उघडलं. माल म्हणजे पीठ, ओटचं पीठ, साखर, लोणी. नियम असे: माल शुद्ध, माप पुरं, प्रत्येकाला एकच मत, आणि नफा ज्यानं जितकी खरेदी केली त्या प्रमाणात परत. उधारी नाही, कारण उधारीत अडकलेलं गिऱ्हाईक वाईट मालाबद्दल बोलू शकत नाही, हे ते भोगून शिकले होते. जगभरच्या ग्राहक सहकाराचं मूळ या दुकानात सापडतं. ते सुबत्तेत सुचलेलं नव्हतं.

आपल्याकडं १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा आला, १९६३ मध्ये 'गोकुळ' दूध संघ उभा राहिला. सहकार काय करू शकतो हे कोल्हापूरकराला सांगायला नको. आणि तो कसा बुडतो हेही. एका पतसंस्थेत अडकलेल्या ठेवीसाठी माझ्या ओळखीतल्या एका निवृत्त माणसानं आठ वर्षं हेलपाटे घातले. त्यांना 'सहकार' हा शब्द नको वाटतो, आणि त्यांचा राग योग्य आहे. माझं म्हणणं एवढंच की त्यांच्या संस्थेत रॉशडेलचा 'प्रत्येकाला एक मत' हा मुख्य नियम कागदावरच राहिला होता: सभासद सभेला जात नव्हते आणि हिशोब विचारत नव्हते.

"फुकटे माजतील, त्याचं काय?"

काही जण घेतील आणि परत देणार नाहीत. हे होतं. पण त्याला उपाय नाही असं नाही. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. सामाईक पाणी, चराऊ रानं, मासेमारी लोक स्वतः कशी सांभाळतात हे त्यांनी जगभरातून अभ्यासलं. टिकलेल्या ठिकाणी काही गोष्टी समान होत्या: नियम वापरणाऱ्यांनीच केलेले, लक्ष ठेवणारा त्यांच्यातलाच, आणि शिक्षा पायरीपायरीनं. आपल्या शेतीच्या पाणीपुरवठा संस्थेतला, पाळीनं पाणी सोडणारा पाटकरी हेच करतो. पाळी चुकवून पाणी घेतलं तर आधी समज, मग दंड, मग पुढची पाळी बंद. पहिल्याच चुकीला कुणी पाइप तोडत नाही.

"हे काम सरकारचं नाही का?"

आहेच. १८९६-९७ च्या दुष्काळात शाहू महाराजांनी लोकांना "एकमेकांना सांभाळा" एवढंच सांगून हात झटकले नाहीत. संस्थानानं स्वस्त धान्याची दुकानं काढली, रस्ते आणि तळ्यांची कामं काढून हातांना मजुरी दिली. शेजारी कितीही चांगला असला तरी तो वर्षभर रेशन पुरवू शकत नाही.

शेजाऱ्याचं काम वेगळं आहे: हक्काचं आहे ते मिळेपर्यंत सोबत जाणं. अंत्योदय सोडून रेशनच्या प्राधान्य गटातल्या माणसाला महिन्याला पाच किलो धान्य मोफत आहे, पण अंगठा उमटत नाही किंवा नाव गळालं म्हणून कितीतरी घरं परत फिरतात. ईएसआयचा, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेचा, विमा असलेल्याची नोकरी गेली तर अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेतून ९० दिवसांपर्यंत सरासरी रोजाच्या निम्मी रक्कम मिळू शकते. ही योजना २०१८ पासून मुदत वाढवत चालवली आहे, म्हणून अर्जाआधी चालू स्थिती विचारून घ्यावी. समोरच्या घरातल्या माणसाला ईएसआय कार्ड होतं. योजनेचं नाव त्यानं ऐकलेलं नव्हतं, आम्हीही नाही.

गल्लीत काय केलं

२०२० च्या टाळेबंदीनंतर मावशीच्या गल्लीनं एक वही सुरू केली. गणपतीच्या वर्गणीतून उरलेले १८,००० रुपये बाजूला काढले. एका वेळी ५,००० पर्यंत, बिनव्याजी, सहा महिन्यांत परत. कुणी घेतले हे फक्त दोघांना माहीत: मावशीला आणि आणखी एकाला. वहीत नाव नाही, नंबर. फोटो नाही, फलकावर यादी नाही. यावरून वाद झाला, "हिशोब दिसायला नको काय?" असं तरुण पोरांचं म्हणणं. तोडगा असा निघाला की रक्कम आणि तारीख सगळ्यांना दिसेल, नाव नाही. आणि पैसे मागायला कुणी यायची वाट बघायची नाही, असंही ठरलं. आजवर एकदाच ३,००० परत आले नाहीत. त्या घरात आजारपण होतं, ते सोडून दिले.

वहीचा दुसरा सांभाळणारा म्हणजे समोरचा तो फेटलिंगवाला. आता तो गोकुळ शिरगावात दुसऱ्या ठिकाणी कामाला आहे. गेल्या महिन्यात मी मावशीकडं बसलो होतो, तर तो दारातूनच म्हणाला, "मावशी, कोपऱ्यावरच्या वहिनींच्या शिलाई मशीनचा चार दिस आवाज न्हाई. जाऊन येऊया काय?" मावशीनं चहाचा कप खाली ठेवला आणि चपला घातल्या.